पोटांतल्या बाळाचा वांटा

(गांवकरी मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



आजच्या सभेला बायका पुढें बसतील आणि पुरुष पाराभोंवतीं तंबाखू मळत उभे राहतील, असें आम्हांस वाटलें होतें, आणि तसेंच झालें आहे. तेव्हां पहिली विनंती पारावरच्या मंडळींना. पुढें येऊन बसा. विषय गरोदरपणाचा आहे म्हणून तो बायकांचा, असें तुम्ही समजत असाल तर तेथेंच पहिली चूक आहे. बाळ वाढतें आईच्या पोटांत हें खरें. पण त्या आईच्या ताटांत काय पडतें, तिच्या डोक्यावर दिवसाकाठीं किती हंडे चढतात, ती केव्हां निजते आणि केव्हां उठते, हें बहुधा दुसरींच माणसें ठरवितात. त्या दुसऱ्या माणसांशींच आम्हांला आज मुख्यतः बोलावयाचें आहे.

गोठ्यांतली म्हैस गाभण राहिली म्हणजे आपण काय करतों? शेवटचे दोन महिने तिचें दूध आटवितों. सरकीची पेंड वाढवितों. लांबच्या रानांत चरावयास धाडीत नाहीं, निसरड्या वाटेनें पाण्यावर नेत नाहीं, दुसरें जनावर शिंग मारील म्हणून निराळी बांधतों. हें कोणी पुस्तकांत वाचलेलें नाहीं. बापजाद्यांपासून चालत आलें आहे. आणि त्याच घरांत सून सात महिन्यांची असेल तर ती पहांटे उठून पाणी भरते, भाकऱ्या थापते, खुरपणीला जाते, येतांना सरपणाची मोळी आणते, आणि रात्रीं सगळ्यांचीं जेवणें झाल्यावर तव्यावर उरलेली भाकरी आणि कालवणाचें पाणी घेऊन चुलीपाशीं बसते. म्हैस मेली तर लाखभर रुपये जातात हें आपल्याला कळतें. सुनेचा हिशोब कोणी मांडलेला नाहीं, एवढाच काय तो फरक.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रांत बीज आणि क्षेत्र अशी एक मांडणी आहे. पुरुष म्हणजे बीं आणि स्त्री म्हणजे शेत. आणि दोहोंमध्यें बीं श्रेष्ठ, असा निवाडा मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत दिलेला आहे. १९२७ सालीं २५ डिसेंबरला महाड येथें ज्या ग्रंथाचें दहन झालें तोच हा ग्रंथ. निवाडा देणाऱ्यानें कधीं नांगर धरला नसावा. शाळूचें उत्तमांतलें उत्तम बियाणें मुरमाड माळावर टाका, आणि सुगीला काय हातीं येतें तें त्या शास्त्र्याला बोलावून दाखवा! आतां तर हेंही ठरलेलें आहे कीं बीं एकट्या बापाचें नसतें. निम्में बापाकडून येतें आणि निम्में आईकडून. म्हणजे आई अर्धें बीं देते आणि शेत, खत, पाणी हें सगळें वर देते. मुलगा होणार कीं मुलगी, एवढी एक गोष्ट मात्र बापाकडून आलेल्या भागावरच ठरते. तेव्हां लागोपाठ मुली झाल्या म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांनीं तो बोल आपल्या चिरंजिवांना लावावा. आणि मुलगाच व्हावा म्हणून बुवाकडून आणलेलें औषध तिला मुळींच देऊं नये. मुलगा तर त्यानें होत नाहींच. गर्भाला अपाय मात्र होतो.

बीं आणि शेत यांचा हा झगडा एका प्रयोगानें चांगला उलगडला आहे, आणि तुम्ही जनावरें पाळणारे असल्यामुळें तो तुम्हांला आवडेल. १९३८ सालीं इंग्लंडांत केंब्रिज येथें वॉल्टन आणि हॅमंड या दोघांनीं तो प्रसिद्ध केला. शायर जातीचा घोडा थोराड, ओझीं ओढणारा. शेटलंडचें तट्टू आपल्या कमरेइतकें. त्यांनीं शायर घोडीला तट्टाचें बीं दिलें आणि तट्टाच्या मादीला शायर घोड्याचें. दोन्हीकडच्या शिंगरांत अर्धें रक्त मोठ्या जातीचें, अर्धें लहान जातीचें; फरक एवढाच कीं एक मोठ्या पोटांत वाढलें आणि दुसरें लहान पोटांत. जन्माच्या वेळीं मोठ्या घोडीचें शिंगरूं लहान घोडीच्या शिंगराच्या सुमारें तिप्पट भरलें. बीं सारखें असतांही आईचें शरीर गर्भाच्या वाढीला किती सोडतें आणि कोठें आवरतें, हें त्यावरून दिसलें.

आतां पोटांत बाळ जेवतें कसें तें सांगतों, कारण पुढचें सगळें त्यावर अवलंबून आहे. बाळंतपणांत मागाहून पडणारी वार तुम्हां सर्वांच्या ओळखीची आहे. आपण ती पुरून टाकतों. पण नऊ महिने सगळा कारभार तिनेंच केलेला असतो. वारेच्या एका अंगाला आईचें रक्त येतें, दुसऱ्या अंगाला नाळेवाटे बाळाचें. मध्यें पातळ पडदा असतो. त्यांतून अन्नरस आणि प्राणवायु पलीकडे जातात, मळ अलीकडे येतो, आणि दोघांचें रक्त एकमेकांत मिसळत नाहीं. विहीर म्हणजे आईचें रक्त आणि वार म्हणजे पाट असें समजा. विहीर आटली, म्हणजे आईच्या अंगांत रक्त कमी असलें, तरी वाफा सुकतो. आणि विहीर भरलेली असून पाटांत माती बसली, म्हणजे रक्तदाब चढल्यानें किंवा तंबाखूनें वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळल्या, तरीही वाफा सुकतो.

हें पाणी केव्हां किती लागतें त्याचाही हंगाम आहे. गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांच्या आंत पाठीच्या कण्याची आणि मेंदूची नळी मिटते. पाळी चुकली हें बाईला कळतें न कळतें तोंच हें काम उरकलेलें असतें. दोन महिन्यांत हातपाय, हृदय, डोळे यांचा आराखडा उभा राहतो. वजन मात्र मागाहून चढतें. सातव्या महिन्याच्या सुमारास बाळ किलोभर असतें आणि दिवस भरल्यावर चांगलें वाढलेलें बाळ तीन किलोच्या आसपास जातें. म्हणजे तीन वांट्यांपैकीं दोन वांटे वजन शेवटच्या तीन महिन्यांत भरतें, आणि नेमके तेच महिने आपल्याकडे सुगीचे, लग्नसराईचे किंवा ऊसतोडीचे असले तर सुनेला कोणी मोकळें सोडीत नाहीं.

उपासमारीनें काय होतें हें युरोपांत एकदां फार कडू रीतीनें कळलें. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत जर्मन सैन्यानें हॉलंडच्या पश्चिम भागांत जाणाऱ्या अन्नाची वाट बंद केली. माणशीं रोजचा शिधा हजार उष्मांकांखालीं घसरला, आणि कांहीं आठवडे तर त्याच्याही निम्म्यावर आला. पण त्या देशांत बाळंतपणाच्या नोंदी चोख ठेवलेल्या होत्या. ज्या बायकांचे शेवटचे तीन महिने त्या दुष्काळांत गेले त्यांचीं बाळें सुमारें ३०० ग्रॅमनें हलकीं जन्मलीं. ज्यांचे पहिले महिने दुष्काळांत गेले आणि पुढें पोटभर मिळालें, त्यांचीं बाळें वजनानें ठीक दिसलीं. पण तींच मुलें पन्नाशीला आल्यावर त्यांच्यांत हृदयाचा विकार इतरांपेक्षां जास्त आढळला. इंग्लंडांत डॉ. डेव्हिड बार्कर यांनीं हर्टफर्डशायर परगण्यांतील १९११ पासूनच्या दाईंच्या जुन्या वह्या काढून तेंच दाखविलें: जन्मतः कमी वजनाचीं मुलें पुढें हृदयविकारानें जास्त मेलीं. पोटांत मारलेला हात पन्नास वर्षांनीं उमटतो तो असा.

हें परदेशचें झालें. आतां आपल्या घरचें सांगतों. पुणें जिल्ह्यांतील सहा खेड्यांत १९९३ ते १९९६ या काळांत पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि त्यांच्या सोबत्यांनीं गरोदर बायकांची पाहणी केली. बायका आपल्यासारख्याच शेतकरी घरांतल्या. आईचें वजन सरासरी ४२ किलोच्या आंत, म्हणजे खताच्या पोत्याहूनही कमी. दिवस भरून जन्मलेल्या बाळांचें सरासरी वजन २,६६५ ग्रॅम. इंग्लंडांतल्या साउदम्प्टन गांवचीं बाळें साडेतीन किलोच्या आसपास. आणि अडीच किलोखालीं बाळ जन्मलें तर जगभरचे डॉक्टर त्याला कमी वजनाचें म्हणतात. म्हणजे आपलें सरासरी बाळ त्या रेघेच्या जेमतेम वर उभें आहे.

पण त्या पाहणींत जें दिसलें तें नीट ऐका. कोणत्या बाईनें दिवसाला एकूण किती अन्न खाल्लें, यावरून बाळाचा आकार फारसा ठरला नाहीं. ठरला तो यावर कीं तिच्या ताटांत हिरवी पालेभाजी किती वेळां आली, फळ किती वेळां आलें आणि दूध आलें कीं नाहीं. सातव्या महिन्याच्या सुमारास पालेभाजी आणि फळें वारंवार खाणाऱ्या, आणि त्याआधीं पांचव्या महिन्याच्या सुमारास दूध घेणाऱ्या बायकांचीं बाळें मोठीं निघालीं. आणि ज्या आया चाळीस किलोंहूनही हलक्या होत्या त्यांच्यांत पालेभाजीचा गुण अधिक दिसला. नुसत्या भाकरीनें पोट भरतें, पण बाळाचें शरीर बांधावयास जो बारीकसारीक माल लागतो तो भाकरींत पुरेसा नाहीं.

दुसरी गोष्ट कामाची. ज्यांचें शेतांतलें आणि घरांतलें काम अधिक जड, त्यांचीं बाळें लहान. डोक्याचा घेर आणि दंडाचा घेरही कमी. विहिरीवरून पाणी वाहणें आणि कपडे धुणें हीं कामें त्यांत होतीं. ज्यांना आपण काम म्हणतच नाहीं, तींच हीं कामें.

तिसरी गोष्ट थोडी चमत्कारिक आहे. हीं बाळें इंग्रज बाळांपेक्षां बारीक, हाडामांसानें कमी; पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानें राखलेली. डॉ. याज्ञिक या बाळांना बारीक पण चरबीचीं म्हणतात. अशा शरीराला पुढें साखरेचा रोग लवकर गांठतो. आपल्या गांवांत ज्यांच्या अंगावर कधीं मांस चढलें नाहीं अशा माणसांना चाळिशींत मधुमेह कसा होतो, याचें एक कारण त्यांच्या आईच्या ताटापर्यंत जातें.

पालेभाजीच्या या गोष्टीची एक जुनी मुंबईची कथाही आहे. १९२८ सालीं लूसी विल्स नांवाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईंत आली. गिरण्यांतल्या गरीब कामकरी बायका गरोदरपणांत पांढऱ्याफटक पडत आणि पुष्कळ दगावत. तिनें त्यांच्या चुलीपर्यंत जाऊन काय शिजतें तें पाहिलें. रोगजंतु सांपडेना, सांपडलें तें निकृष्ट अन्न. शेवटीं मार्माईट नांवाचा यीस्टचा स्वस्त अर्क देऊन पाहिला आणि बायकांचें रक्त भरूं लागलें. १९३१ सालीं तिनें तें प्रसिद्ध केलें. त्यांतलें औषधी द्रव्य कोणतें तें पुढें कळलें: १९४१ सालीं तें पालकाच्या पानांतून वेगळें काढलें आणि पानावरूनच त्याचें नांव फॉलिक ॲसिड पडलें. १९९१ सालीं इंग्लंड व इतर देशांत मिळून केलेल्या चांचणीचा निकाल लागला; ज्या बायकांना पूर्वीं पाठीचा कणा उघडा असलेलें मूल झालें होतें त्यांनीं गर्भ राहण्यापूर्वींपासून ही गोळी घेतली तर दहांपैकीं सात मुलें त्या व्यंगापासून वांचतात असें ठरलें. गिरणीवाल्या बायकांच्या फिक्या चेहऱ्यापासून निघालेली ही विद्या आज आशाताईंच्या पिशवींत लाल गोळीच्या रूपानें तुमच्या दारीं येते, आणि तुम्ही ती आढ्याला खोंचून ठेवतां!

गोळीनें मळमळतें, शौचास काळें होतें, मूल काळें होतें, असें सांगतां. मळमळ कांहींजणींना होते. जेवणानंतर किंवा रात्रीं निजतांना घ्या. शौच काळें होतें तें लोहामुळें, त्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. मूल काळें होत नाहीं, आणि झालें तरी काय बिघडलें? आपला विठोबा काळाच आहे. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० गोळ्या पोटांत जावयास हव्यात. गोळीच्या किंवा जेवणाच्या मागेंपुढें लगेच चहा घेऊं नका, चहानें लोह अंगीं लागत नाहीं. लिंबू पिळा, त्यानें लागतें.

पालेभाजी विकत घ्यावी लागते असें ज्यांना वाटतें त्यांनीं बांधावर जावें. तांदुळजा, घोळ, पाथरी, शेवग्याचा पाला, हरभऱ्याचा कोवळा पाला, अंबाडी, चाकवत: यांतलें बरेंचसें फुकट आहे. भाजी शिजवून पाणी ओतून देऊं नका. फॉलिक ॲसिड त्या पाण्याबरोबर जातें.

दुधाची गोष्ट अवघड आहे, आणि ती आम्ही टाळणार नाहीं. पहांटे धार काढतात, किटली भरते, आणि किटली डेअरीवर जाते. घरांत चहापुरतें राहतें. आठवड्याच्या पगारावर पेंडीचे पैसे, मुलांच्या वह्या आणि दुकानदाराची उधारी भागते, हें आम्हांला ठाऊक आहे. तरी सांगतों, घरांत बाई गरोदर आहे तोंपर्यंत किटलींतून पावशेर दूध तिच्या नांवानें बाजूला काढा. कोंबडी अंडें घालते तें बाजारला जातें. त्यांतलें रोज एक तिचें. पुण्याच्या त्या पाहणींत निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगांत बी-१२ नांवाचें जीवनसत्त्व कमी आढळलें. हें द्रव्य दूध, दही, अंडीं, मासे, मटण यांतच असतें, भाजी-भाकरींत नसतें. ज्यांच्या घरीं माळ घातली आहे त्यांनीं दूध-दह्याकडे अधिक पाहावें. पण ज्यांच्या सात पिढ्या मटण-मासळी खात आल्या त्यांनीं केवळ वरच्या जातीसारखें दिसावें म्हणून गरोदर सुनेचें अंडें बंद करावें, याला आम्ही धर्म म्हणत नाहीं.

येथें एक खरी गोष्ट सांगितली पाहिजे, नाहींतर आम्हीही जडीबुटी विकणाऱ्यासारखे होऊं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून कांहीं वर्षें बायकांना रोज पालेभाजी, फळ आणि दूध घातलेला खाऊ देऊन पाहिला. त्याचा निकाल २०१४ सालीं आला. सगळ्या मिळून बाळांच्या वजनांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. ज्यांनीं गर्भ राहण्याच्या निदान तीन महिने आधींपासून खाल्ला त्यांचीं बाळें सरासरी ४८ ग्रॅमनें भरलीं, आणि अगदीं किडकिडीत बायकांत तोही फरक दिसला नाहीं. याचा अर्थ काय? ज्या मुलीला जन्मापासून भावाच्या मागून वाढलें, तिचें अठरा-वीस वर्षांचें उणें चार महिन्यांत फिटत नाहीं. गरोदर सुनेला वाढावयाचें तें वाढाच. पण आज तुमच्या घरांत जी दहा वर्षांची पोर आहे तिच्या ताटापासून खरी सुरुवात आहे. तिचें लग्न अठराच्या आंत उरकाल तर जें अन्न तिच्याच हाडांना पाहिजे त्यावर आणखी एक जीव बसवाल. आणि दोन बाळंतपणांत निदान दोन-तीन वर्षें जाऊं द्या. पिकावर पीक घेतलेल्या रानाला काय होतें तें तुम्हांला सांगावयास नको.

आतां एका समजुतीबद्दल. बाईनें जास्त खाल्लें तर बाळ मोठें होऊन अडेल, किंवा पोटांत अन्नालाच जागा गेली तर बाळाला राहणार नाहीं, असें म्हाताऱ्या बायका सांगतात. आमच्याही घरीं सांगितलें. पहिल्या खेपेस आमच्या मातोश्रींनीं सुनेचें रात्रीचें जेवण अर्ध्या भाकरीवर आणलें. त्यांच्या मनांत मायाच होती. त्यांची एक बहीण अडून गेली होती. आम्ही त्या वेळीं शिकलेसवरलेले होतों, चार लोकांत भाषणें करीत होतों, आणि घरांत गप्प बसलों. मुलगी झाली ती १,८०० ग्रॅमची. एकोणीस दिवस जगली. त्यानंतर आम्हीं जें वाचलें तें आधींच वाचावयास हवें होतें: अन्न जठरांत जातें आणि बाळ गर्भाशयांत असतें, दोन्ही पिशव्या निराळ्या. बाई अडते तें बहुतेक कमरेचें हाड अरुंद असल्यानें, बाळ आडवें असल्यानें. आणि कमरेचें हाड अरुंद राहतें तें तिला लहानपणीं पोटभर न मिळाल्यानें किंवा ती अजून पुरती वाढली नसल्यानें. उपाशी ठेवून बाळंतपण सोपें होत नाहीं, बाळ तेवढें दुबळें होतें. नऊ महिन्यांत बाईचें वजन नऊ-दहा किलोंनीं तरी वाढलें पाहिजे. एकदम फार वाढूं लागलें, पाय-तोंड सुजलें, तर साखर आणि रक्तदाब तपासावा. आईला मधुमेह असला तर बाळ फाजील मोठें होतें, आणि तेंही धोक्याचें.

कामाबद्दल पुरुषांना थोडें ऐकावेंच लागेल. १९२८ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत कामकरी बायकांना बाळंतपणाची रजा व भत्ता देण्याचें बिल आलें तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनें उभे राहिले. बाळंतपणाआधीं आणि नंतर आईला विसांवा मिळणें यांत सबंध राष्ट्राचें हित आहे, असें त्यांनीं सांगितलें. १९२९ सालीं मुंबई इलाख्यांत कायदा झाला. १९६१ सालीं सगळ्या देशासाठीं झाला. २०१७ सालीं रजा २६ आठवड्यांची झाली. चांगलें झालें. पण ही रजा पगारी नोकरीवाल्या बाईला. खुरपणीला जाणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या, कोयत्यावर जाणाऱ्या बाईला कोणता साहेब रजा देणार? नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल दोघांच्या डोक्यावर, आणि एक दिवस चुकला तर खाड्याचे पैसे. म्हणून आठव्या महिन्यांतही ती फडांत मोळ्या उचलते, कोपींत बाळंत होते आणि थोड्याच दिवसांत पुन्हां फडांत उभी राहते. पहिल्या मुलाच्या वेळीं सरकारच्या मातृवंदना योजनेंतून २०१७ पासून पांच हजार रुपये मिळतात. ते घ्या, पण खाड्यापुढें ते किती दिवस पुरणार? गरोदर बाईचा खाडा धरूं नये, असें मुकादमाशीं उचल घेतांनाच बोलून ठेवण्याइतकी एकी आपल्या टोळ्यांत झाली पाहिजे. ती अजून झालेली नाहीं.

घरापुरतें मात्र कोणाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. पांचव्या महिन्यापासून पाण्याचा हंडा पुरुषानें उचलावा. लोक हंसतील. आमच्यावरही हंसले. आठ दिवस हंसतात, नवव्या दिवशीं कंटाळतात. फवारणीचें औषध तिनें कालवूंही नये. दुपारीं तासभर आडवें होण्याची तिला मोकळीक असावी, आणि ती सासूबाईंनीं आपण होऊन द्यावी, म्हणजे तिला चोरून निजावें लागणार नाहीं.

मिसरीबद्दल आम्ही बोलूं लागलों कीं बायका पदर तोंडाला लावतात. मुंबईंत १,२१७ गरोदर बायकांची पाहणी होऊन २००४ सालीं प्रसिद्ध झाली. मिसरी किंवा तंबाखू वापरणाऱ्या बायकांचीं बाळें सरासरी १०५ ग्रॅमनें हलकीं होतीं, आणि दिवस न भरतां जन्मणारीं अधिक. भाजलेला तंबाखू हिरड्यांतून रक्तांत जातो तो वारेपर्यंत पोंचतो. दांत घांसण्यास कडुलिंबाची काडी आहे. चुलीच्या धुरानेंही असेंच नुकसान होतें. गॅसची टाकी घेतली असेल तर ती पाहुण्यांसाठीं झांकून ठेवूं नका. आणि दारू! बाईनें घेतली तर बाळाच्या मेंदूला, आणि नवऱ्यानें घेतली तर तिच्या पाठीला. दोन्हीचा मार बाळाला बसतो.

ग्रहणाचें काय, असें मघाशीं एका आजीबाईंनीं विचारलें. ग्रहणांत विळी धरली तर मुलाचा ओठ फाटतो म्हणून गरोदर बाईला अंधाऱ्या खोलींत तासन् तास पाण्यावांचून निजवितात. जेथें ग्रहण कोणी पाळीत नाहीं त्या देशांतही फाटक्या ओठाचीं मुलें होतात, आणि आपल्याकडे कडक पाळणाऱ्या घरांतही होतात. त्याचीं कारणें आनुवंशिक आहेत, कांहीं अंशीं तंबाखूचीं आणि कांहीं औषधांचीं, चंद्रसूर्याचीं नाहींत. त्या दिवशीं बाईला जेवूं द्या आणि पाणी पिऊं द्या. अलीकडे शहरांत गर्भसंस्काराचे वर्ग निघाले आहेत. हजारों रुपये घेऊन पोटांतल्या मुलाला मंत्र ऐकवितात, आणि दाखला देतात अभिमन्यूचा. सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाळाला आईचा आवाज ऐकूं येतो, आणि जन्मल्यावर तें तो ओळखतें, एवढें खरें आहे. पण संस्कृत ऐकून बुद्धि वाढत असती तर ती मिरास ज्यांनीं हजारों वर्षें आपल्याकडे ठेवली त्यांच्या घरीं एकही मंदबुद्धि निपजला नसता. बाळाच्या मेंदूला आयोडीनचें मीठ, लोह आणि आईचें सुख लागतें. तुम्ही जात्यावरची ओवी म्हणा, ती बाळाला पुरेशी आहे. तसेंच पंचांगांतला मुहूर्त साधावा म्हणून दिवस भरण्याआधीं पोट फाडून मूल काढविणारे शहाणेही आतां निघाले आहेत. शेवटच्या आठवड्यांत फुप्फुसें आणि मेंदू तयार होत असतात. कारणावांचून तेवढे आठवडे हिरावणें म्हणजे हुरड्यांतच कणीस खुडणें होय.

ताप आला तर अंगारा लावून थांबूं नका. हिंवतापाचे जंतु वारेंत जाऊन बसतात. पोटांत बाळाचें हलणें कमी वाटलें, डोकें फार दुखूं लागलें, डोळ्यांपुढें अंधारी आली, अंगावरून रक्त गेलें, तर सकाळ होण्याची वाट न पाहतां दवाखाना गांठा. गाडीचे पैसे सातव्या महिन्यांतच डब्यांत बाजूला ठेवा.

आमचें बोलणें लांबलें. अंगणवाडीच्या ताईंनीं वजनाचा काटा आणला आहे आणि आशाताई वही घेऊन त्या लिंबाखालीं बसल्या आहेत. ज्यांच्या घरीं गरोदर बाई आहे त्यांनीं तिला घेऊन तिकडे जावें. वजन वहींत लिहून घ्यावें आणि पुढच्या महिन्यांत त्याच तारखेला पुन्हां घ्यावें. तिच्याबरोबर तिच्या नवऱ्यानें उभें राहावें. पारावरच्या मंडळींपैकीं तिघांच्या घरीं दिवस गेलेले आहेत हें आम्हांस ठाऊक आहे. नांवें आम्ही घेत नाहीं, आपण होऊन या.